जनुक, मनुष्यस्वभाव आणि सिकलसेल

मनुष्याचे आरोग्य, बुद्धी, स्वभाव, इतकेच नव्हे तर नीतिमत्ताही जन्मतःच जनुकांनी ठरविलेली असते, या मताला ‘जनुकीय नियतिवाद’ असे म्हणतात. हा वाद केवळ विद्वानांचा आहे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु चिमूर, चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनप्रदेशात सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो आणि त्यामुळे विवाह जुळविताना हा प्रश्न आपल्या दारी येतो.

गोंड, माडिया, परधान आदी आदिवासी समाजांत, तसेच विदर्भातील काही दलित समाजांतही हा आजार आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते व तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. दोष आई व वडील या दोघांकडूनही आला तर मूल आजारी होते; एकाकडूनच आला तर ते केवळ ‘वाहक’ असते. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के व दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. एकच जोडीदार वाहक व दुसरा दोषमुक्त असेल, तर सिकलसेलग्रस्त मूल जन्मत नाही.

जनुकाचा परिणाम याहून स्पष्ट क्वचितच दिसेल. तरीही एकच दोष असलेल्या दोन रुग्णांचे आयुष्य सारखे जात नाही. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन शरीरात किती टिकून राहते, पाणी व आहार कसा मिळतो, जंतुसंसर्ग किती लवकर ओळखला जातो, हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित मिळते किंवा नाही, यांवर बरेच अवलंबून असते. शिवाय वाहकास तीव्र मलेरियापासून काही अंशी संरक्षण लाभते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवून दिले. म्हणून वाहकाचे रक्त ‘वाईट’ म्हणणे शास्त्रालाही धरून नाही.

रक्तावरून माणसाची प्रत ठरविणाऱ्या विचाराची परीक्षा एका मराठी विदुषीने पूर्वीच घेतली होती. इरावती कर्वे १९२७ ते १९३० या काळात बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. कवटीच्या असमान रचनेत युरोपीय वंशाचे बौद्धिक श्रेष्ठत्व दिसते, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या व या असमानतेचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष मांडला. पुढे १९३३ साली जर्मनीत आनुवंशिक रोग असलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला.

पोप पायस अकरावे यांनी ३१ डिसेंबर १९३० च्या ‘कास्ती कोन्नूबी’ या परिपत्रकात अशा सक्तीचा निषेध आधीच केला होता. सदोष संततीची शक्यता असलेल्यांना विवाहाबाबत सावधगिरीचा सल्ला देता येईल, परंतु विवाह केला म्हणून त्यांना अपराधी ठरविता येणार नाही, अशी ख्रिस्तसभेची भूमिका त्यात आहे.

म्हणून विवाहेच्छू तरुण-तरुणींनी आपली रक्तचाचणी वेळीच करून घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणी व समुपदेशन या दोहोंवर भर आहे. चाचणीचा निष्कर्ष त्या दोघांनी विचारपूर्वक निर्णय घेण्यासाठी आहे. गावात चर्चा करण्यासाठी नाही. आजारी बालक जन्मले तर आईच्या माथी दोष मारू नये, कारण तो दोष दोघांकडूनही आलेला असतो. जनुक रक्तपेशीचा आकार बदलू शकते. परंतु त्या बालकाशी आपण कसे वागावे, हे आपल्याच हाती आहे.