रांग कामांची की माणसांची?

सामाईक गणकयंत्रावर आधी कोणाचे काम चालवावयाचे, हा प्रश्न यंत्राचा नसून वाटणीचा आहे. जुनी युनिक्स प्रणाली कामे मोजी, माणसे नव्हे. जो एकदम दहा कामे लावी, त्याला एकच लावणाऱ्याच्या जवळजवळ दसपट वेळ मिळे. (मुंबईच्या गिरण्यांतील जॉबरशाही ज्यांनी ऐकली आहे, त्यांना यात नवल वाटू नये.) सिडनी विद्यापीठातील जुडी के व पिअर्स लॉडर यांनी आपला उपाय १९८८ साली प्रसिद्ध केला. त्यांनी वाटा ठरविला तो माणसाचा. वाट्याहून अधिक वापरणारा मागे सरे. मात्र जुना वापर खात्यातून हळूहळू पुसला जाई, आणि यंत्र रिकामे असता कोणास अडवीत नसत. अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेत जन्मलेली स्लर्म ही व्यवस्था आज मोठमोठ्या क्लस्टरांवर हेच तत्त्व चालविते. वेगळे ठरविले नसल्यास तेथे जुन्या वापराचा भार सात दिवसांत निम्मा होतो. परंतु मूळ वाटा कोणाला किती, हे सूत्र सांगत नाही. ते व्यवस्थापक ठरवितात, आणि बंद दाराआड ठरविले, तर नवख्या विद्यार्थ्याला आपली पाळी का येत नाही, हे कळतही नाही.