गालिच्याची उलटी बाजू

वडोदरा शहराच्या उत्तरेस, मही नदीच्या आसमंतात, नंदेसरी नावाचे गाव आहे. आज त्याची ओळख तेथील औद्योगिक वसाहतीमुळे. रंगद्रव्यांच्या निर्मितीस लागणारी रसायने तेथील कारखान्यांतून बाहेर पडतात. त्यांतले सोडियम नायट्राइट दिसायला मिठासारखे. परंतु अनिलिनपासून लाल, नारिंगी, पिवळे असे अ‍ॅझो वर्गातील रंग बनवावयाचे तर त्यावाचून चालत नाही. हातांनी गाठी मारून विणलेल्या लोकरी गालिच्याशी नंदेसरीचा संबंध एवढाच. तथापि तो वाटतो तितका दूरचा नव्हे, कारण गेल्या दीडशे वर्षांत या कलेवर जी संकटे कोसळली, त्यांतील एक मोठे संकट रंगाच्या डब्यातूनच आले.

मराठी घराला गालिचा तसा पाहुणाच. घोंगडी धनगराकडची, सतरंजी रोजच्या बैठकीची, जाजम लग्नकार्याचे. गालिचा मात्र सरदारांच्या दिवाणखान्यात. शब्दही फार्सी आहे. 'काली' म्हणजे गालिचा आणि 'कालीचे' म्हणजे लहानसा गालिचा. इराणात जे धाकटे होते, ते आपल्याकडे येऊन थोरले झाले! दख्खनच्या मेंढीची लोकर आखूड, राठ आणि बहुधा काळी. तिची घोंगडी उत्तम होते. पावसात ती पाठ राखते. परंतु काळ्या लोकरीवर रंग चढत नाही, आणि रंगावाचून गालिचा कसला?

वडोदऱ्याचा जगप्रसिद्ध गालिचा तर लोकरीचाही नव्हता. खंडेराव महाराज गायकवाडांनी सुमारे १८६५ मध्ये तो करविला. मदिनेस अर्पण करण्याचा त्यांचा मानस होता असे मानले जाते. रेशीम आणि हरणाचे कातडे यांच्या पायावर पंधरा लाखांहून अधिक बारीक मोती टाचलेले, मध्येमध्ये हिरे आणि माणके. १८७० मध्ये महाराज निवर्तले आणि गालिचा वडोदऱ्यातच राहिला. १९०२-०३ च्या दिल्लीतील कलाप्रदर्शनात तो लोकांनी पाहिला. पुढे तो परदेशी गेला आणि २००९ मध्ये दोहा येथे त्याचा लिलाव झाला. वैभव म्हणून तो अपूर्व खराच. पण त्यात विणकराची गाठ एकही नाही. दिल्लीच्या त्याच प्रदर्शनात अगदी वेगळ्या हातांचे काम मांडलेले होते. ते गालिचे हिंदुस्थानातील तुरुंगांत विणलेले होते.

या गालिच्यांत काय दडलेले असते, ते समजण्यास गाठ समजली पाहिजे. उभ्या मागावर सुताचा ताणा ताठ बांधलेला असतो. त्यातील दोन दोऱ्यांभोवती रंगीत लोकरीचा तुकडा गुंडाळून खाली ओढावयाचा आणि सुरीने कापावयाचा. ही झाली एक गाठ. अशा गाठींची एक ओळ पुरी झाली की बाणा घालून लोखंडी पंजाने ती ठोकून बसवावयाची. चौरस इंचात शंभर गाठी म्हणजे मध्यम प्रतीचे काम. नऊ फूट रुंद आणि बारा फूट लांब असा दिवाणखान्याचा गालिचा या हिशेबाने विणावयाचा, तर साडेपंधरा लाखांवर गाठी होतात. कुशल कारागीर दिवसाकाठी सहा हजार गाठी मारतो असे धरले, तरी एकट्याला दोनशे साठ दिवस लागतील. तिघे मांडीला मांडी लावून बसले तर तीन महिने. यंत्राने हे काम अद्याप हिरावून घेतलेले नाही. यंत्र गालिच्यासारखे दिसणारे वस्त्र विणते, परंतु बाजारात ज्याला हातगाठीचा गालिचा म्हणतात, त्याची गाठ बोटांनीच पडते.

दख्खनमध्ये ही कला सतराव्या शतकात भरात होती. वरंगळ आणि एलूरु येथील गालिचे डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून पूर्वेकडे जात. जपानमधील क्योतो शहरात गिओन उत्सवाचे उंच रथ निघतात. त्या रथांवर पिढ्यान्‌पिढ्या मिरविलेल्या जुन्या गालिच्यांपैकी काही दख्खनचे आहेत, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांनी ओळखले. ज्या भूमीत ते विणले गेले, तेथे मात्र तसे नमुने फारसे उरले नाहीत. जे उरले त्यांतील महत्त्वाचे विजापूरच्या, म्हणजे आजच्या विजयपूरच्या, आसार महालात होते. मुहंमद आदिलशहाच्या या इमारतीत पैगंबरांचा केस जतन केलेला असल्याची श्रद्धा आहे; त्या पवित्र स्थानाच्या आश्रयाने गालिचेही टिकले.

येथे येरवड्याचे नाव येते. पुण्याजवळचा हा तुरुंग १८७१ मध्ये बांधला गेला. लाहोर, आग्रा येथील तुरुंगांप्रमाणे येथेही कैद्यांना गालिच्याच्या मागावर बसविण्यात आले. बसून करावयाचे काम, जागा थोडी, हत्यारे मोजकी, आणि वेळ हवा तितका. तुरुंगाच्या अधिकाऱ्यास याहून सोयीचा धंदा कोठला? आग्र्याच्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला अवाढव्य गालिचा विंडसरच्या राजवाड्यात आहे. १९९२ मध्ये तेथे आग लागली, तेव्हा तो गुंडाळून हलविण्यास पन्नास सैनिक लागले. येरवड्याची कामगिरी इतकी अवाढव्य नसली, तरी आपल्याला अधिक जवळची आहे. आसार महालातील जुन्या गालिच्यांच्या नकला येरवड्यात विणल्या गेल्या. जीर्ण गालिच्याची नक्कल करावयाची म्हणजे त्याची वेल, त्याची किनार, त्याचे प्रत्येक फूल गाठीगाठीने मोजावे लागते. आदिलशाहीचे नक्षीकाम असे शिक्षा भोगणाऱ्यांच्या बोटांतून पुन्हा उमटले.

या साऱ्या प्रकारावर सर्वांत कडक टीका करणारा माणूस जन्माने बेळगावचा होता. सर जॉर्ज बर्डवुड यांचा जन्म १८३२ चा. मुंबईत ते वैद्यकाचे अध्यापक होते, आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव असलेल्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. हिंदी हस्तकलांवरील त्यांचा ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर हिंदी गालिच्यांना युरोपात मागणी वाढली. ती भागविण्यास तुरुंग पुढे सरसावले. फुकटच्या मजुरीपुढे वंशपरंपरागत विणकराचा भाव टिकेना. परकी गिऱ्हाइकाच्या आवडीने नक्षीची भेसळ झाली. आणि अनिलिन रंगांनी उरलेसुरले सौंदर्य घालविले, असा त्यांचा आरोप होता. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस आणि इतर कलावंतांनीही १८७९ मध्ये त्यांच्या चिंतेस दुजोरा दिला. मॉरिस स्वतः त्याच सुमारास लंडनजवळ गालिचे विणवून घेऊ लागले होते, ही गोष्ट मौजेची आहे.

रंगाचा आरोप खोटा नव्हता. विल्यम पर्किन याने १८५६ मध्ये पहिला अनिलिन रंग काढला आणि दोन दशकांत जांभळ्या-गुलाबी पुड्या पूर्वेकडील बाजारांत पोहोचल्या. जुन्या रीतीत तांबड्या रंगासाठी लाख किंवा मंजिष्ठा, तिच्या जोडीस तुरटी, निळ्यासाठी नीळ. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात मुरवावयाची, मग मंद आचेवर रंगवावयाची, असा दिवसांचा खेळ. नव्या पुडीने तेच काम घटकाभरात होऊ लागले. मात्र ते आरंभीचे रंग उन्हाने उडत आणि पाण्याने फुटत. पुढे रसायनशास्त्राने स्वतःच हा दोष बराचसा दूर केला. पक्के कृत्रिम रंग निघाले आणि आजचे बहुतेक गालिचे त्यांनीच रंगविलेले असतात. तेव्हा दोष रसायनाला देण्यापेक्षा घाईला देणे न्यायाचे ठरेल.

तुरुंगांविषयीचा आरोप अधिक गुंतागुंतीचा आहे. विणकराचे पोट मारले गेले, हे खरे. पण विजापूरच्या नक्षीची आठवण ज्यांनी जागविली, त्यांत येरवड्याचे हे अनाम हातही होते, हेही तितकेच खरे. आणि बर्डवुडसाहेबांच्या टीकेत त्या हातांना दाद मिळत नाही. कारागिराची कैफियत मांडणारे पुष्कळ निघाले, कैद्याची मांडणारे थोडे. गांधीजींच्या कारावासामुळे पेटीचरख्याला 'येरवडा चक्र' हे नाव मिळाले आणि तुरुंगातील सूतकताई अजरामर झाली. त्याच भिंतींआड गाठी मारणाऱ्यांचे एकही नाव लोकांच्या तोंडी नाही. कैद्याच्या श्रमाला न्याय्य मोबदला मिळालाच पाहिजे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय येण्यास १९९८ साल उजाडावे लागले. तो खटला गुजरात राज्यातून उद्भवलेला होता. त्या मोबदल्याचा काही भाग गुन्ह्याची झळ पोहोचलेल्या कुटुंबास द्यावा, असेही न्यायालयाने सुचविले.

तुरुंगाबाहेरही बोटांची कहाणी सुखाची नव्हती. उत्तर प्रदेशातील भदोही आणि मिर्झापूर हा या धंद्याचा मोठा पट्टा. लहान बोटे बारीक गाठ मारतात, या सबबीखाली तेथे मुले मागावर बसविली जात. ही सबब पोकळ आहे, कारण उत्कृष्ट गालिचे प्रौढ कारागिरांनीच विणलेले असतात. मुलांची मजुरी स्वस्त, एवढेच खरे कारण. १९८६ च्या कायद्याने गालिचा विणण्याच्या कामावर मुलांना लावण्यास बंदी झाली आणि १९९४ पासून बालमजुरीविरहित गालिच्यांना खुणेची चिठ्ठी लावण्याची चळवळ सुरू झाली.

आता मध्यम वर्गाच्या घरांतही गालिचा येऊ लागला आहे, आणि दुकानदार प्रत्येक गालिचा हाताचाच म्हणून दाखवितो. घेणाऱ्याने त्याचा कोपरा उलटावा. गाठीच्या गालिच्याच्या पाठीवर पुढची नक्षी जशीच्या तशी उमटलेली असते; गाठी मोजता येतात, आणि त्या किंचित वाकड्यातिकड्या असतात. पाठीवर डिंकाने चिकटविलेले जाड कापड असेल, तर लोकर हाताच्या यंत्राने नुसती टोचून भरलेली आहे असे समजावे. असा गालिचा काही आठवड्यांऐवजी काही दिवसांत होतो आणि डिंक वाळून सुटला की लोकर झडू लागते. पांढरा फडका ओला करून गालिच्याच्या तांबड्या भागावर घासावा. फडका तांबडा झाला तर रंग कच्चा. मग किंमत विचारावी, आणि त्याबरोबर हेही विचारावे की हा कोठे विणला आणि कोणी.