सीडी केलं खरं, पण कळवलं कोणाला?

टर्मिनलवर, किंवा फोनवरच्या टर्मक्समध्ये, 'सीडी' टाइप करून तुम्ही कधी ना कधी फोल्डर बदलला असेल. आता सांगा, तुम्ही जागा बदललीत हे कोणाकोणाला कळलं? आजची गोष्ट त्याचीच. आणि ती सुरू होते एका बिघाडापासून.

१९७० च्या आसपासचा काळ. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-७ या छोट्याशा कॉम्प्युटरवर युनिक्स घडवत होते. सुरुवातीला एका टर्मिनलमागे एकच प्रोसेस असायची. फोल्डर बदलणारी कमांड होती 'सीएचडिर'. ती चालली की त्या एकमेव प्रोसेसचा फोल्डर बदलायचा. विषय संपला.

मग आला 'फोर्क'. म्हणजे काय, तर शेल स्वतःची एक प्रत काढणार, ती प्रत कमांड चालवणार आणि काम झालं की संपणार. यासाठी असेंब्लीच्या अवघ्या २७ ओळी लागल्या! पण त्यानंतर सीएचडिर चालेनाच. मंडळींनी कोड पुन्हा पुन्हा वाचला. शेवटी लक्षात आलं, की कमांड चोख काम करत होती, फक्त भलत्याच ठिकाणी. फोल्डर बदलायचा त्या प्रतीचा. ती लगेच संपायची आणि शेल होता तिथेच! आपण पोराला सांगावं, 'आत जाऊन बस', तो बसतोही, पण आपण मात्र ओट्यावरच उभे. तसंच हे.

उपाय सोपा निघाला. फोल्डर बदलायचं काम शेलनं स्वतःच करायचं. म्हणूनच आजही सीडी हा शेलचाच भाग आहे.

पण मूळ नियम कायम राहिला: प्रत्येक प्रोसेसचा फोल्डर तिचा तिचा. एकीनं बदलला तर ते दुसरीला आपोआप कळत नाही. प्रॉम्प्टवर नुसतं डॉलरचं चिन्ह असेल, तर आपण नेमके कुठे आहोत हे माणसालाही समजत नाही. अशा वेळी 'आरएम' आणि पुढे चांदणी टाइप केली, की भलत्याच फोल्डरमधल्या फायली साफ. परत आणायला कचरापेटीसुद्धा नाही!

म्हणून निरोप देण्याचं काम शेलकडे आलं. टीसीशेलमध्ये 'सीडब्ल्यूडीसीएमडी' हे नाव दिलेली कमांड फोल्डर बदलला की आपोआप चालते. खिडकीच्या डोक्यावर नवा पत्ता दाखवायला लोकांनी ती वापरली. १९९० मध्ये प्रिन्स्टनला शिकणाऱ्या पॉल फाल्स्टॅडनं झेडशेल लिहिला. त्यात हेच काम 'सीएचपीडब्ल्यूडी' हे फंक्शन करतं. बॅशमध्ये लोक युक्ती करतात: प्रत्येक प्रॉम्प्टच्या आधी बघायचं, की मघाचा फोल्डर आणि आत्ताचा एकच आहे ना? प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये शिरताच त्याची सेटिंग्ज आपोआप लागू होतात, त्यामागे अशीच सोय असते.

पण एक गंमत करून बघा. छोटी स्क्रिप्ट लिहा, तिच्यात फक्त सीडी टाका आणि नेहमीसारखी चालवा. स्क्रिप्ट संपल्यावर तुम्ही कुठे असाल? होतात तिथेच! निरोपही येणार नाही, कारण तुमचा शेल हललाच नाही. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी बेल लॅब्समध्ये ज्यानं चकवलं, तेच आज तुमच्या फोनवर.

करून बघा आणि काय झालं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!