वैतरणेच्या काठाने

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात पाम स्प्रिंग्ज गावाजवळच्या वाळवंटात वाऱ्यावर वीज निर्माण करणाऱ्या शेकडो पवनचक्क्या उभ्या आहेत. प्रवाशाने आपली मोटार आपणच हाकीत, ठरल्या ठिकाणी थांबत त्या पाहाव्यात, अशी तेथे सोय आहे. आमच्याकडेही सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर अशी चक्रे फिरत असतात. ज्या शक्तीवर नगरे चालतात ती कोठून येते हे एकदा डोळ्यांनी पाहावे, हा या हौसेतील चांगला अंश होय. त्याच बुद्धीने गेल्या वैशाखात आम्ही मोटार बाहेर काढली. मात्र माग घ्यावयाचा ठरविला तो वाऱ्याचा नव्हे, पाण्याचा. वाटाड्या घेतला नाही. जव्हारहून मोखाडा, तेथून खोडाळे आणि पुढे कोचाळे, असा मार्ग आखला.

जव्हारचा इतिहास एका बैलाच्या कातड्यापासून सुरू होतो. जयबा मुकणे याने येथील वारली राजाकडे एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. राजाने हसून होकार दिला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकमेकींस जोडल्या आणि त्यांनी बराच मुलूख वेढून घेतला, असे परंपरा सांगते. कार्थेजच्या डिडो राणीविषयी हीच कथा सांगतात. तेव्हा तिचे ऐतिहासिक मोल बेताचेच मानले पाहिजे. पुढे जयबाचा पुत्र नेमशहा यास १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने मान्यता दिली आणि त्या वर्षापासून संस्थानात स्वतंत्र शक चालू झाला. १६६४ च्या सुरतस्वारीच्या वेळी विक्रमशहा राजाने शिवाजी महाराजांची भेट घेतली. तिचे स्थान म्हणून शिरपामाळ दाखवितात. सुमारे ३१० चौरस मैलांचे हे राज्य १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. जयविलास राजवाडा तेवढा त्याची साक्ष देत टेकडीवर उभा आहे.

मोखाडा मात्र संस्थानाबाहेर, इंग्रजी अमलातील ठाणे जिल्ह्यात होता. त्याचा इतिहास राजांपेक्षा नदीशी अधिक निगडित आहे. त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावणारी वैतरणा या भागातून खोल दरी कापीत जाते. मुंबईस नळाचे पाणी प्रथम १८६० साली विहार तलावातून मिळाले. शहर वाढले, तहानही वाढली. १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, असे शहराचे पाऊल पुढे पडत गेले. १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर झाला; शहराचे अभियंते मोडक यांचे नाव त्यास मिळाले. त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा, आणि २०१४ साली लोकार्पण झालेले मध्य वैतरणेचे धरण. कोचाळ्याजवळची त्याची काँक्रीटची भिंत शंभर मीटरांहून उंच असून त्यातून शहरास दररोज ४५.५ कोटी लिटर पाणी मिळते. ते नदीच्याच पात्राने मोडकसागरात उतरते आणि तेथून मुंबईची वाट धरते.

धरणाचे दर्शन भव्य खरे. परंतु परतीच्या वाटेवर एका पाड्याजवळ आम्हांस मोटार थांबवावी लागली. विहिरीभोवती हंड्यांची रांग होती. एक मुलगी दोरास बांधून आत उतरली होती आणि वाटीने पाणी भरीत होती. रांगेतील एका वृद्धेस आम्ही विचारले, "आजी, धरण इतके जवळ असता ही पाळी का?" ती म्हणाली, "पाणी खाली आहे, आम्ही वर आहोत."

या एका वाक्यात सारे भूगोलशास्त्र आले. मोखाड्यात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. पाणी मुरत नाही, दरीत धावते. शिमगा सरतो न सरतो तोच विहिरी आटू लागतात, मग टँकरची वाट पाहणे आले. नागली-वरईचे पीक निघाले की माणसे कामाच्या शोधात भिवंडी-वसईकडे जातात. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रास या मुलखाची ओळख पटली. ती ओळख अशी व्हावी हे आमचे दुर्दैव.

मुंबईने पाणी घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. तेथील चाळींतून आपलीच माणसे राहतात. या ओळी लिहिणारेही त्याच नळाचे पाणी पीत वाढले. परंतु जे यंत्रसामर्थ्य नदीस शंभर किलोमीटर दूर नेते, त्यास तिला काही शे फूट वर चढविणे अशक्य का असावे? अलीकडे काही पाड्यांवर सूर्यशक्तीच्या पंपांनी दरीतील पाणी वर आणले गेले आहे. अर्थात मार्ग ठाऊक आहे. उणीव आहे ती अगत्याची.

जयबाच्या वाद्यांची कथा खरी असो वा नसो, शहराच्या जलवाहिन्या मात्र खऱ्या आहेत. वारली राजास निदान विचारले तरी गेले होते. घरी येऊन नळ उघडला, तेव्हा ती वाटीने पाणी भरणारी मुलगी आठवली, आणि बादली भरून वाहण्यापूर्वीच आमचा हात तोटीकडे गेला.