‘एच’ दाबा, पुढे जा: फोन, कीबोर्ड आणि बोलणाऱ्या वेबचा इतिहास

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटंसं काम करा. डोळे मिटा आणि रोज ज्या साइटवर बातम्या वाचता, ती फोनवर उघडून बघा. काय झालं? अडलात ना? काच सपाट आहे. लिंक कुठे, जाहिरात कुठे, बोटाला काहीच कळत नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी आमच्या टीमने एक ऑनलाइन अर्ज बनवला. टेस्टिंगला एक सहकारी होते, अंध, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो. फोन शर्टाच्या खिशात, टेबलावर छोटा ब्लूटूथ कीबोर्ड, एका कानात इअरफोन. पहिलं पान त्यांनी माझ्यापेक्षा लवकर भरलं, खोटं नाही सांगत! आणि मग थांबले.

“अरे, पुढे जायचं बटण ठेवलंच नाहीस का?”

बटण होतं. चांगलं निळं, मोठं. पण आत अक्षर नव्हतं, नुसतं बाणाचं चित्र. आणि एचटीएमएलमध्ये ते बटण नव्हतंच, मी एका रिकाम्या ‘डिव’ला क्लिक जोडून दिला होता. डोळ्यांना बटण दिसायचं, कीबोर्डला आणि स्क्रीन रीडरला तिथे काहीच नव्हतं. मी सहज बोलून गेलो, “दादा, टच करून बघा ना.”

ते हसले. म्हणाले, “कुठे?”

त्या एका शब्दाने मला घरी जाऊन वाचायला बसवलं. तोपर्यंत मला वाटायचं, फोनला कीबोर्ड लावणं म्हणजे जुनी सवय, टचस्क्रीन आल्यावर संपलेली. इतिहास वाचला आणि कळलं की गोष्ट बरोबर उलटी आहे.

इटलीतली काउंटेस

थेट १८०८ च्या सुमारास जाऊया. इटलीत पेलेग्रिनो तुर्री नावाच्या माणसाने एक लिहिण्याचं यंत्र बनवलं. कोणासाठी? काउंटेस कॅरोलिना फँतोनी हिच्यासाठी. ती अंध होती आणि तिला आपली पत्रं स्वतः लिहायची होती, कोणाला तरी सांगून लिहून घ्यायची नव्हती. ते यंत्र आज उरलेलं नाही, पण त्यावर लिहिलेली काही पत्रं आहेत. म्हणजे बघा, टाइपरायटरच्या अगदी सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक अंध बाईसाठी बनलं होतं. कीबोर्ड ही अंध माणसांना नंतर दिलेली सवलत नाही. तो सुरुवातीपासून त्यांचाही आहे.

स्क्रीन बोलायला लागली

आता एकदम १९८० च्या दशकात. आयबीएममध्ये जिम थॅचर आणि जेसी राइट हे दोघं गणिती काम करत होते. राइट स्वतः अंध होते. दोघांनी मिळून डॉसच्या काळातल्या संगणकासाठी पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवणारा प्रोग्राम तयार केला. त्याचं नावच ‘स्क्रीन रीडर’. पुढे या जातीच्या सगळ्या सॉफ्टवेअरला तेच नाव पडलं, जसं आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो. आणि गंमत म्हणजे त्याला वेगळा, १८ बटणांचा कीपॅड होता. वाचायला वेगळी बटणं, टाइप करायला वेगळी.

मग वेब आलं. जपानमध्ये चिएको आसाकावा आयबीएमच्या संशोधक होत्या. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली होती. १९९७ मध्ये त्यांच्या कामातून ‘होम पेज रीडर’ आला. कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांचा भाग असतो ना, तेवढ्यावर अख्खं वेब फिरता यायचं. साधा मजकूर पुरुषाच्या आवाजात आणि लिंक बाईच्या आवाजात. आवाज बदलला की समजायचं, इथून दुसरीकडे जाता येतं.

इथे एक मिनिट थांबू, कारण खरी मेख इथे आहे. डोळा पान एकदम बघतो आणि हवं ते उचलतो. कान तसं करू शकत नाही. कानाला एका वेळी एकच शब्द मिळतो, रेल्वे स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखा. आपली गाडी येईपर्यंत बाकी सगळ्या गाड्या ऐका! मग कानाला काय हवं? उडी मारायची सोय. म्हणून स्क्रीन रीडरमध्ये बटणं ठरली. ‘एच’ दाबलं की पुढचं हेडिंग, दुसऱ्या बटणावर पुढची लिंक, तिसऱ्यावर पुढचा रकाना. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांचं २०२४ साली प्रसिद्ध झालेलं वेबएमचं सर्वेक्षण सांगतं की मोठ्या पानावर काही शोधायचं असेल तर दहातले सुमारे सात जण आधी हेडिंगवरूनच फिरतात.

पाचवरचा ठिपका

आता खिशातल्या फोनकडे येऊ. तुमच्या घरी जुना बटणांचा नोकिया असेल तर काढा. पाचवर एक बारीकसा उंचवटा लागतो. बोट तिथे ठेवलं की बाकीचे आकडे आपोआप सापडतात. २००० नंतरच्या दशकात सिंबियनच्या फोनवर ‘टॉक्स’ आणि ‘मोबाइल स्पीक’ असे स्क्रीन रीडर आले. ते वेगळे पैसे मोजून घ्यावे लागायचे, पण मेसेज, फोनबुक, अगदी वेबसुद्धा खऱ्या बटणांवरून चालायचं.

आणि २००७ मध्ये आयफोन आला. सगळी बटणं गेली. लोक टाळ्या वाजवत होते, आणि अंध वापरकर्त्यांच्या हातातून तो ठिपका निसटला होता.

यावर उत्तर शोधणाऱ्यांमध्ये आपल्या पुण्याचा एक माणूस होता. टी. व्ही. रामन. पुण्यात वाढले, वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूमुळे दृष्टी गेली. वाडिया कॉलेजमधून गणित, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेलमधून पीएचडी. गणिताची समीकरणं बोलून दाखवणारी प्रणाली हा त्यांचा प्रबंधाचा विषय. पुढे गूगलमध्ये त्यांनी चार्ल्स चेन यांच्यासोबत अँड्रॉइडसाठी ‘आइज-फ्री’ प्रकल्प केला. त्यातला डायलर मला फार आवडतो. काचेवर बोट जिथे पडेल, तिथे पाच! तिथून डावीकडे वर सरकलात की एक, सरळ खाली सरकलात की आठ. ठिपका काचेवर शोधायचा नाही, बोटाने सोबत आणायचा.

जून २००९ मध्ये आयफोन थ्री-जीएसमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आला, फोनसोबतच, वेगळे पैसे न घेता. त्याच वर्षी अँड्रॉइड १.६ सोबत ‘टॉकबॅक’ आला. पण सुरुवातीचा टॉकबॅक काचेवर बोट फिरवून चालत नव्हता, त्याला ट्रॅकबॉल किंवा बटणं लागायची. बोट फिरवून ऐकायची सोय अँड्रॉइडला २०११ मध्ये मिळाली.

कीबोर्ड परत आला

मग कीबोर्ड संपला का? नाही! २०१० मध्ये आयफोनला ब्लूटूथ कीबोर्ड जोडता यायला लागला आणि व्हॉइसओव्हर त्यावरून चालायला लागला. डावा आणि उजवा बाण एकत्र दाबायचा, ‘क्विक नॅव्ह’ सुरू, मग नुसत्या बाणांनी पान वाचत जायचं. टॉकबॅकमध्ये आल्ट धरून उजवा बाण म्हणजे पुढची गोष्ट, आल्ट आणि एच म्हणजे पुढचं हेडिंग, आल्ट आणि एंटर म्हणजे क्लिक. दादांच्या टेबलावर चाललं होतं ते हेच. काचेवर एकेक अक्षर शोधत अर्ज भरण्यापेक्षा दहा बोटांनी टाइप करणं कितीतरी सोपं. फोन लहान असो, वेब अख्खं मिळतं.

फक्त एक अट आहे, आणि ती फोन बनवणाऱ्यांच्या हातात नाही. ‘एच’ दाबल्यावर हेडिंग तेव्हाच सापडतं, जेव्हा माझ्यासारख्या कोणीतरी ते हेडिंग म्हणून लिहिलेलं असतं. नुसती अक्षरं मोठी आणि ठळक केली तर डोळा फसतो, कीबोर्ड फसत नाही. सगळं काम कीबोर्डवरून करता आलंच पाहिजे हा नियम डब्ल्यूसीएजीच्या दुसऱ्या आवृत्तीत २००८ पासून आहे, तोही सर्वांत खालच्या, म्हणजे किमान पातळीवर. तरी वेबएमच्या २०२५ च्या पाहणीत दहा लाख होमपेजपैकी ९४.८ टक्के पानांवर या नियमावलीतली कुठली ना कुठली चूक सापडली. माझं पान त्यात नव्हतं, एवढंच नशीब!

आपल्याकडे ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ते प्रकरण होतं ई-केवायसीचं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि एक अंध याचिकाकर्ते यांना ते पूर्ण करता येत नव्हतं. म्हणजे पुढे न जाणारं बटण ही नुसती बग नाही. त्यामागे कोणाचं तरी बँक खातं, कोणाचं तरी सिमकार्ड अडकलेलं असतं.

माझ्या पानाची दुरुस्ती किती मोठी होती माहितेय? ‘डिव’ काढून ‘बटन’ लिहिलं आणि आत ‘पुढे’ हा शब्द टाकला. दोन मिनिटं. दादांनी पुन्हा टॅब दाबला, कानात “पुढे, बटण” आलं, एंटर मारला आणि काही न बोलता दुसऱ्या पानावर गेले. त्यांनी कौतुक केलं नाही, आणि ते बरोबरच होतं. दार उघडलं म्हणून कोणी दाराचे आभार मानत नाही.

तर या आठवड्याचा गृहपाठ. घरातला कुठलाही कीबोर्ड ओटीजीने किंवा ब्लूटूथने फोनला जोडा. टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर सुरू करा, पण बंद करायचा शॉर्टकट आधी लावून ठेवा, नाहीतर मला शिव्या द्याल! मग डोळे मिटून तुमच्या आवडत्या साइटवर एक बातमी शोधा. कोड लिहीत असाल तर स्वतःचं पान उघडा. कुठे अडलात ते मला नक्की कळवा.

भेटूया पुढच्या भागात. ऐकत राहा!