न विकलेलं गाव

लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा एका रविवारी जावयांनी विल्टशरमधलं लॅकॉक नावाचं गाव दाखवलं. चार रस्त्यांचं गाव, अर्ध्या तासात फिरून होतं. मला चार तास लागले.

सुरुवात मठापासून. 1232 साली सॉल्सबरीची काउंटेस एला हिने नवऱ्याच्या पश्चात इथे नन्ससाठी मठ काढला. गावही मठाच्याच मालकीचं. कुळांनी मठाला द्यायचं धान्य ज्यात साठायचं ते 14 व्या शतकातलं दगडी कोठार अजून उभं आहे. आत शिरून वर बघा, जहाज उलटं घातल्यासारख्या लाकडी कमानी दिसतात. शेजारीच एक बिनखिडकीची, घुमटाची खोली. दारुड्यांना रात्रभर कोंडायची!

1539 मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केला. विल्यम शॅरिंग्टन या सरदाराने तो विकत घेतला, चर्च पाडलं, पण खालच्या कमानदार ओवऱ्या ठेवून वर घर बांधलं. हॅरी पॉटरच्या सिनेमात दिसतात त्या याच ओवऱ्या. पुढे हे घर टॅलबट घराण्याकडे आलं. 1835 मध्ये हेन्री फॉक्स टॅलबटने इथल्याच एका खिडकीची निगेटिव्ह काढली. आज शिल्लक असलेली ही जगातली सगळ्यात जुनी निगेटिव्ह. ती खिडकी अजून तिथेच आहे.

आता खरा प्रश्न. हे सगळं टिकलं कसं?

लोकरीच्या व्यापारावर गाव मोठं झालं. नंतर कारखाने आले ते दुसरीकडे. त्यामुळे पाडून नवं बांधायला कुणाकडे कारणच उरलं नाही. शिवाय घरं जवळजवळ सगळी एकाच घराण्याची, म्हणजे मालकही एकच. आणि मग 1944 साली, महायुद्ध चालू असताना, माटिल्डा टॅलबट या बाईंनी मठ आणि जवळपास अख्खं गाव नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं. विकलं नाही, दिलं.

आजही त्या घरांत माणसं राहतात, ट्रस्टची भाडेकरू म्हणून. पाचशे वर्षं जुन्या लाकडी चौकटीच्या घरासमोर चिखलाचे बूट वाळत असतात. सगळं गोड आहे असं नाही. संरक्षित इमारत असल्यामुळे साधी खिडकी बदलायची तरी परवानगी लागते. सुट्टीच्या दिवशी पर्यटक दारात उभं राहून फोटो काढतात. मीही काढले. पण घर वापरात असलं की छप्पर गळायला लागल्याचं त्याच दिवशी कळतं. कुलूप लावलेल्या घराचं तसं नसतं.

परतताना गाडीत मी गप्पच होतो. आमच्या वाड्याला अकरा वाटेकरी होते. दहा-बारा वर्षांपूर्वी तो बिल्डरला दिला. दुरुस्तीचा खर्च कोण करणार यावर एकमत झालं नाही, विकण्यावर मात्र एका बैठकीत झालं. त्या कागदावर माझीही सही आहे. म्हणून सरकारने काही केलं नाही, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्या गावात अजून चार-पाच वाडे उभे आहेत. त्यांचे वाटेकरी ही पोस्ट वाचत असतील, तर सही करण्याआधी एकदा बोलूया का?