मुका पट्टा आणि तेलाचा डाग

मोटारीचा इतिहास लिहिताना आपण बहुधा ती कुणी आणली, कधी आणली, पहिली किल्ली कुणाला मिळाली एवढंच लिहितो. ती दुरुस्त कशी होत होती, हे फारसं कुणी लिहीत नाही. मी मराठी माध्यमातला बी.ए., यंत्रशास्त्र माझा विषय नाही. पण शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कोणतीही वस्तू दिसली की ती कुठून आली हे विचारायची खोड जात नाही. आज जुन्या गाडीच्या इंजिनातल्या दोन किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंबद्दल लिहितो आहे: टायमिंग बेल्ट आणि ऑईल सील.

पट्टा ही वस्तू आपल्या बुलडाणा जिल्ह्याला नवी नाही. खामगावचा कापूस बाजार इतका मोठा, की त्याच्यासाठी इंग्रजांनी जलंबपासून खास रेल्वेफाटा टाकला आणि १८७० साली लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला. पुढे वाफेवर चालणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. अशा कारखान्यांत एका इंजिनावर एक लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरून चामड्याचे सपाट पट्टे एकेका यंत्राला फिरवत. तीच पद्धत नंतर गावोगावच्या पिठाच्या गिरणीत दिसली. लहानपणी दळणाच्या रांगेत उभं राहिलेल्यांना तो पट्ट्याचा फटफट आवाज आठवत असेल. पट्टा घसरायला लागला की गिरणीवाला त्याला राळ लावायचा. दळणाला दोन मिनिटं उशीर, बाकी काही नुकसान नाही.

मोटारीच्या इंजिनात मात्र घसरणं चालत नाही. खाली क्रँकशाफ्ट फिरतो, त्यावर पिस्टन वरखाली होतात. कॅमशाफ्ट हा दुसरा दांडा वाल्व उघडतो आणि मिटू देतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक फेरा व्हायला हवा. हा मेळ म्हणजे टायमिंग. तो चुकला तर इंजिन बंद पडतं, आणि अनेक इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या वाल्ववर आदळून वाल्व वाकतात. म्हणून पूर्वी हे काम लोखंडी साखळीकडे असे. आपल्याकडची अॅम्बेसेडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट (तिचंच नाव १९७४ पासून पद्मिनी), दोन्ही साखळीवाल्या. साखळी झिजली की सैल पडते आणि खडखडायला लागते. जुना मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधी नुसता कान देऊन सांगायचा, "चेन आली." दुखणं ऐकू येत होतं, म्हणून उपचारही वेळेवर होत होता.

मग साखळीच्या जागी पट्टा आला कसा? त्याची गोष्ट शिलाई मशीनपासून सुरू होते. मशीनमध्येही सुई आणि खालचं बॉबिन यांचा मेळ लागतो. १९४० च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड केस नावाच्या माणसाने सिंगर मशीनसाठी आतून दात असलेला रबरी पट्टा तयार केला. दात पुलीच्या खाचेत बसतात, म्हणून घसरायचा प्रश्न नाही. १९६२ साली जर्मनीतल्या ग्लास कंपनीने तो मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या मोटारीत वापरला. १९६६ मध्ये इटलीत फियाटच्या लाम्प्रेदी या अभियंत्यानेही तोच मार्ग धरला. पट्टा हलका, स्वस्त, त्याला वंगण लागत नाही, आणि आवाज जवळजवळ नाहीच. गंमत बघा, खुद्द फियाट इटलीत पट्ट्याकडे वळली तरी कुर्ल्याच्या फियाटमध्ये साखळीच राहिली. आपल्याकडे तेव्हा परवान्यांचं राज्य होतं.

आपल्या सामान्य घरांत हा पट्टा पोहोचवला मारुती ८०० ने. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिली. तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं ते इंजिन पट्ट्यावर चालणारं होतं. आणि इथे मिस्त्रीचा कान निरुपयोगी झाला. साखळी बोलते, पट्टा मुका असतो. रबर आतून कडक होतं, दातांच्या मुळाशी बारीक चिरा पडतात, पण गाडी तशीच गोड चालते. तुटायचा त्या दिवशी तो बहुधा न सांगता तुटतो, मग ती घरासमोरची गल्ली असो की रात्रीचा राजूर घाट. म्हणजे आता दुरुस्ती आवाजावर नाही, हिशेबावर करायची. इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी होईल ते. कंपनीच्या पुस्तकात आकडा असतो.

मात्र हा मुका पट्टा अगदीच एकटा नाही, त्याची बातमी कधीकधी शेजारी सांगतो. तो शेजारी म्हणजे ऑईल सील. फिरणारा दांडा इंजिनातून जिथे बाहेर येतो तिथे तेल अडवायला ही कडी असते. हीसुद्धा आधी चामड्याचीच होती. जर्मनीतल्या फ्रॉइडेनबर्ग या चामडं कमावणाऱ्या कंपनीत वाल्टर सिमर याने १९३० च्या दशकात धातूच्या कड्यात बसवलेलं चामड्याचं सील तयार केलं, आणि त्याच दशकात चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. रबराचा पातळ ओठ दांड्याला टेकतो आणि मागची बारीक स्प्रिंग त्याला दाबून धरते. वर्षानुवर्षं उष्णता लागून तो ओठ कडक झाला की तेल झिरपतं.

जुन्या अॅम्बेसेडरच्या इंजिनाला मागच्या बाजूला असं रबरी सील नव्हतंच. दांड्यावर उलटी खाच होती, ती तेल आत परत ढकलायची. त्यामुळे गाडीखाली थोडा डाग असायचा आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. पुढे मारुतीखालीही डाग दिसला तर जुन्या सवयीने लोक "चालायचंच" म्हणू लागले. पण दोन्ही डागांचा अर्थ वेगळा. पुढच्या सीलमधून आलेलं तेल थेट पट्ट्यावर जातं, रबर फुगवतं, मऊ करतं आणि त्याचं आयुष्य घटवतं.

म्हणूनच जाणता मिस्त्री पट्टा बदलताना कॅमचं आणि क्रँकचं पुढचं सील, दोन्ही बदलतो. पुल्यांवरच्या खुणा जुळवतो, दांड्यावर नख फिरवून जुन्या ओठाने चरा पाडला आहे का ते बघतो, नवं सील तेलाचं बोट लावून सरळ बसवतो. टेन्शनर घट्ट करून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतो आणि खुणा पुन्हा जुळल्या का ते तपासतो. हे दोन फेरे महत्त्वाचे. सिद्धता झाल्यावर आम्ही मुलांना ताळा करून बघायला सांगायचो, तसंच हे. सील स्वस्त असतं, महाग असते ती मजुरी. सील तसंच ठेवून पट्टा बदलला तर काही महिन्यांत तीच मजुरी पुन्हा द्यावी लागू शकते.

मला यात खरी काळजीची वाटते ती गोष्ट वेगळीच. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नूतन करता येते, म्हणून एमएच २८ ची पाटी लावलेल्या जुन्या मारुत्या चिखली, मेहकर, मलकापूरकडे अजून दिसतात. त्या बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या. साखळीची झीज गिऱ्हाइकाला ऐकू तरी येत होती. पट्ट्याची झीज गाडीबरोबर गुपचूप हाती येते, एखाद्याने आधीची उधारी न सांगता शेत विकावं तशी. पहिल्या मालकाने टाळलेला खर्च, आयुष्यात पहिल्यांदा चारचाकी घेणाऱ्या घरावर पडतो. मीटर मागे फिरवलेला असेल तर किलोमीटरच्या आकड्यालाही अर्थ उरत नाही.

मारुतीच्याच २००८ नंतरच्या के-मालिकेच्या इंजिनांत साखळी परत आली. असो. पण पट्टेवाल्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. जुनी गाडी घेतली आणि पट्टा कधी बदलला याचा लेखी पुरावा मिळाला नाही, तर तो बदललेलाच नाही असं समजावं. सीलसकट बदलून घ्यावा आणि तारीख व किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवावेत. म्हणजे पुढे गाडी ज्याच्या घरी जाईल, त्याला निदान विचारत बसावं लागणार नाही.